स्रोत : मांजरा, चिंचघाट

शेख इमाम, म्हणजे आमचे इमामचाचा, यांचं नाव लेखाच्या सुरुवातीलाच यावं, असं मी संपादकांना आधीच कळवलं होतं. मी इंजिनिअर झालो तो त्यांच्यामुळे. पुढे लातुरात इतकी वर्षं वाळू, खडी आणि काँक्रीट तपासायची लॅब चालवली, तीही त्यांनी नदीत बसवून शिकवलेल्या गोष्टींच्या जोरावर. आणि त्यांची खरबुजाची वाडी ज्या वाळूत होती, ती वाळू नदीतून गेली ती माझ्यामुळे. मी तिचं एक टोपलंही उचललं नाही. मी फक्त कागदावर तिचं नाव लिहीत गेलो.

बिलोलीपासून थोड्या अंतरावर, मांजरेच्या काठी आमचं गाव. गावाखालच्या वाळूच्या पट्ट्याला चिंचघाट म्हणत. लातूरजवळही मांजराच वाहते, पण तिथे तिची वाळू बारीक आणि मातकट. आमच्याकडे येईपर्यंत तिला मन्याड मिळते, लेंडी मिळते, आणि वाळू धुऊन निघते. तांबूस, टपोरी. अनवाणी चाललं की पायाखाली चर्र वाजायची.

दिवाळीनंतर पाणी एका कडेला सरकलं की चाचा पात्रात उतरायचे. ओल लागेपर्यंत वाळूत आळी खणायची, तळाला शेणखत घालायचं, राखेत जपून ठेवलेलं बी टोचायचं आणि वाऱ्याच्या बाजूला शिंदीच्या झावळ्यांचा आडोसा करायचा. फाल्गुनात वेल पसरत आणि चैत्रात खरबुजाचा वास गावात चढून येई. वाडीच्या शेजारीच झिरा असे. झिरा म्हणजे कोरड्या वाळूत खणलेला हातभर खड्डा. त्यात खालून निवळ पाणी झिरपून येतं आणि ते नरोटीने घागरीत भरायचं. उन्हाळ्यात सगळं गाव त्या झिऱ्यावर जगायचं. पुढे कॉलेजात गाळणीच्या पाण्याचं प्रकरण शिकवलं, तेव्हा मला त्यात नवीन काहीच वाटलं नाही.

माझे वडील सालगडी. घरात एक खोली, माणसं सात. अभ्यासाला जागा होती ती चाचांच्या वाडीतल्या खोपीत. मी पुस्तक घेऊन बसलो की चाचा कोल्ह्यांवर आणि गावातल्या टग्यांवर नजर ठेवत माझ्याशी बोलायचे.

एकदा त्यांनी ओली वाळू माझ्या मुठीत दिली. "दाब. आता सोड. फुटली ना? माती असती तर लाडू झाला असता. आता तळहात बघ. डाग हाय का?"

"नाही."

"मग कानाशी चोळ. काय म्हणती?"

"चर्र म्हणते."

"बोलती ती वाळू चांगली. मुकी वाळू घराला बी न्हाई, वेलाला बी न्हाई."

माझ्या लॅबमध्ये पुढे एकावर एक बसणाऱ्या सात चाळण्या आल्या, तराजू आले, दाबयंत्र आलं. पण नमुन्याचं पोतं उघडलं की मी आधी मूठभर वाळू कानाशी चोळायचो. गिऱ्हाइकांना वाटायचं साहेब जादूटोणा करतात.

बारावी झाल्यावर वडील म्हणाले, "बस झालं आता. कुठं तरी दुकानात लाव." चाचा त्या दिवशी पाटलाच्या शेतावर जाऊन वडिलांच्या समोर उभे राहिले.

"मारोती, खरबूज कधी तोडावं, कळतंय का तुला?"

"पिकल्यावर."

"पिकलं हे कसं कळतंय? देठापाशी आपसुक सुटतंय. आधी तोडलं की ते खरबूज न्हाई, काकडी. तुझं पोरगं अजून देठाला हाय. हात लावू नको."

फॉर्म आणायला चाचाच मला नांदेडला घेऊन गेले. वाडीतली शेवटची खरबुजं टेम्पोत भरली होती, त्यांच्यावर बसून आम्ही गेलो. कॉलेजच्या खिडकीतल्या कारकुनाने विचारलं, "तुम्ही कोण? पालक?"

"न्हाई जी. शेजारी."

"शेजाऱ्याची सही चालत नाही."

"मग शेजाऱ्याचं खरबूज चालतंय का बघा," म्हणत चाचांनी काखेतलं फळ खिडकीत ठेवलं. कारकून हसला, खरबूज परत सरकवलं आणि फॉर्म कसा भरायचा ते नीट समजावून सांगितलं. त्याच दिवशी चाचा बसने गावी परत गेले आणि दुसऱ्या दिवशी वडिलांना घेऊन आले. वडिलांनी नांदेड पहिल्यांदा पाहिलं ते माझ्या फॉर्मवर अंगठा द्यायला.

मी पदवी घेऊन बाहेर पडलो त्याच वर्षी भूकंप झाला. मला पहिलं काम मिळालं ते औशाकडे, पडलेल्या गावांसाठी नवी घरं बांधली जात होती तिथे. आलेली वाळू, खडी, सिमेंट तपासायचं आणि नापास असेल ते परत पाठवायचं. वय बावीस. हातात रजिस्टर.

तिथे पार्वतीबाई नावाच्या आजी रोज बांधकामावर येऊन बसायच्या. दगडमातीच्या रुंद भिंती आणि वर मातीचं जड माळवद, असं त्यांचं घर होतं. त्यात त्यांनी दोन माणसं गमावली होती. त्या दिवसाबद्दल त्या बोलत नसत. पण दगडावर त्यांचा फार राग होता.

"साहेब, ह्या नव्या घरात दगड हाय का?"

"खडी आहे, आजी. बारीक दगड."

"म्हंजे दगडच की."

मग मी त्यांना समजावलं. डब्यात लिंबं भरली तर फटी राहतात. फटींत शेंगदाणे ओतले तर छोट्या फटी उरतात. त्यांत रवा घातला की डबा गच्च होतो. खडी, वाळू आणि सिमेंट यांचं नातं असंच. सिमेंट भिजून सगळ्यांना धरून ठेवतं, आणि आत लोखंडी सळई असते ती ताण सोसते. वाळूत माती असली तर ती प्रत्येक कणाला चिकटून बसते आणि सिमेंटला धरू देत नाही. मी त्यांना काँक्रीटचे ठोकळे दाखवले. ते अठ्ठावीस दिवस पाण्यात ठेवून मग यंत्रात दाबून फोडायचे असतात.

"अठ्ठावीस दिस पाण्यात?" आजी म्हणाल्या. "बाळंतिणीला बी येवढं जपत न्हाईत." थोड्या वेळाने म्हणाल्या, "आन येवढं जपून फोडता व्हय?"

त्याच आठवड्यात ठेकेदाराने जवळच्या ओढ्याची वाळू आणली. काचेच्या उभ्या नळीत मिठाचं पाणी आणि वाळू घालून हलवली, नळी टेबलावर ठेवली. खाली वाळू बसली, वर गाळाचा जाड थर. मी वाळू नापास केली. ठेकेदार वैतागला. "मग चांगली वाळू कुठं मिळंल, ते तरी सांगा! नापास करायला काय लागतंय?"

समोर आजी बसल्या होत्या. मी म्हणालो, "मांजरेच्या चिंचघाटाला. बिलोली तालुका."

चार दिवसांनी पहिले ट्रक आले. मी वाळू कानाशी धरली. चर्र. आपल्या गावची वाळू या लोकांच्या घरात जाते आहे, यापेक्षा मोठी गोष्ट माझ्या आयुष्यात तोवर घडली नव्हती. आजही त्या घरांबद्दल मला पश्चात्ताप नाही. हे स्पष्ट लिहितो, कारण पुढचं सगळं वाचून कुणाला तसं वाटू शकेल.

चूक नंतर झाली. मी लातुरात स्वतःची लॅब काढली, एका बोळात, एका शटरमध्ये. तपासणीच्या रिपोर्टवर एक रकाना असतो : सोर्स. म्हणजे नमुना कुठून आला. बहुतेक लॅबवाले तिथे 'नदी' किंवा 'गिऱ्हाइकाने आणलेला' एवढंच लिहून मोकळे होत. मी मात्र सुवाच्य अक्षरात पूर्ण लिहायचो : मांजरा, चिंचघाट, ता. बिलोली. लहान गावातून आलेल्या माणसाला आपल्या गावच्या घाटाचं नाव छापील कागदावर पाहण्याची भूक असते. मला फार होती.

तेव्हा लातुरात क्लासेस वाढत होते. अकरावी-बारावीची मुलं लांबलांबून येत, आणि जिथे ज्वारी उभी असायची तिथे वसतिगृहांचे मजले चढत होते. माझं सगळ्यात विलक्षण गिऱ्हाईक म्हणजे माणिकशेठ. तीन वसतिगृहांचे मालक, कायम घाईत.

"साहेब, रिपोर्ट परवा पायजे."

"ठोकळ्यांना अठ्ठावीस दिवस लागतात, शेठ."

"पोरं जूनमधी येतेत. तुमचे अठ्ठावीस दिवस मागल्या महिन्यात बसवा ना!"

पण हा माणूस बांधकामात खोट करणारा नव्हता. त्याची अडचण वेगळी होती. हदगावचे, देगलूरचे, परभणीकडचे आईबाप मुलांना सोडायला यायचे आणि खोली बघायच्या आधी विचारायचे, "भूकंपात पडणार न्हाई नव्हं?" मग माणिकशेठने माझा रिपोर्ट चौकटीत बसवून ऑफिसच्या भिंतीवर लावला. देवाच्या फोटोशेजारी. कुणी विचारलं की बोट दाखवायचे, "वाचा. वाळू चिंचघाटची. भूकंपाच्या घरांना हीच वाळू वापरली." आईबापांना रिपोर्टमधलं बाकी काही कळत नसे, पण घाटाचं नाव वाचता येई.

पुढच्या वर्षी लातुरातल्या प्रत्येक बिल्डरला चिंचघाटची वाळू हवी झाली. दुसऱ्या घाटाची चांगली वाळू दाखवली तरी म्हणायचे, "तसं कसं? शेठच्या काचेत जी लिवलीय, तीच पायजे." मी हसायचो. फोनवर चाचांना सांगायचोही. गावात तेव्हा एकच फोन होता, ते धावत येऊन धापा टाकत ऐकायचे. "आपली वाळू लातुरात गाजते आहे, चाचा." ते म्हणायचे, "माशाल्ला."

एका मे महिन्यात चाचा लॅबच्या दारात उभे राहिले. न कळवता. डोक्याला गमचा आणि हातात गमच्याच्याच दुसऱ्या तुकड्यात बांधलेली पुरचुंडी. मी चहा मागवला. ते आधी म्हणाले, "ती काच दाखव."

मी त्यांना माणिकशेठच्या ऑफिसात नेलं. चाचांना वाचता येत नव्हतं. त्यांनी चौकटीवरून बोट फिरवत विचारलं, "ह्यात आपलं नाव कुठं हाय?" मी रकाना दाखवला. ते बराच वेळ तिथेच बघत राहिले. "ट्रकचा ड्रायवर सांगत होता, तुझ्या घाटाचं नाव लातुरात काचेत लावलंय. म्हटलं, बघून यावं." चेहऱ्यावर कौतुकच होतं. मला तेच अजून सहन होत नाही.

लॅबमध्ये परत आल्यावर त्यांनी पुरचुंडी सोडली. "आता ही तपास."

मी सवयीने मूठ दाबली. हात उघडला. वाळू फुटली नाही, लाडू तसाच राहिला.

"ही कुठली?"

"आपलीच."

"आपली नाही, चाचा."

"वाडीतलीच हाय, बेटा. वरची गेली. आता खालची काळी माती लागून राहिली. औंदा वेल हातभर वाढले आन बसले. झिऱ्याला पाणी हाय, पण गढूळ. बायका शिव्या देतेत. काठावरची पाटलाची विहीर बी खाली गेली."

मी नळीत पाणी घातलं. वाळू बसली. वर गाळाचा थर चढत गेला. त्या नळीकडे आम्ही दोघं बघत होतो आणि मला औशाचा तो ठेकेदार आठवत होता.

"नापास ना?" चाचांनी विचारलं.

"नापास."

"मग तसं लिही. तुझ्या ह्याच कागदावर. आमची वाळू नापास हाय म्हणून. ते काचेत लावू दे. मग ट्रक येणार न्हाईत."

इथे मी जे बोललो ते शब्द न बदलता लिहितो. मी म्हणालो, "चाचा, असं चालत नाही. नमुना पद्धतीनं घ्यावा लागतो. घाटावर जाऊन, ठिकठिकाणची वाळू घेऊन, मिसळून, चार भाग करून. पुरचुंडीतल्या वाळूवर रिपोर्ट देता येत नाही."

"मग तू चल."

"येतो. पण आता मे चाललाय. जूनच्या आत चार इमारतींचे स्लॅब आहेत. पाऊस झाला की येतो."

नियम खरा होता. अजूनही मी तोच सांगेन. पण त्यांनी मला खोटं लिहायला सांगितलंच नव्हतं. नळी समोर होती. एक दिवस घालवून मी घाटावर गेलो असतो तर नियमाने नापास रिपोर्ट लिहिता आला असता. ज्यांनी माझ्या फॉर्मवरच्या एका अंगठ्यासाठी नांदेडच्या दोन फेऱ्या केल्या, त्यांना मी पावसानंतरचा वायदा दिला.

चाचांनी गमचा झटकला. "बरं. कायद्यानं चल. त्याच्यासाठीच शिकलास." आणि चहा पिऊन सावकाश निघाले.

मी गेलो तो दिवाळीत. पाणी एका कडेला सरकलं होतं, पण वाळू नव्हती. काळी चिकण माती, तिच्यात ट्रकच्या चाकांचे चर आणि यंत्राने केलेले पुरुषभर खोल खड्डे, त्यात साचलेलं हिरवं पाणी. पुराने नवी वाळू आणली होती, ती बोटभर. वरच्या पुलाच्या खांबांचे पाय उघडे पडले होते. वाळू म्हणजे नदीचा माठ. तो पाणी धरतो, गाळतो आणि काठाच्या विहिरींना पुरवतो. हे मी पुस्तकात वाचलं होतं आणि त्याआधी डोळ्यांनी पाहिलं होतं. माठ फुटल्यावर कळलं असं मी म्हणू शकत नाही, कारण मला आधीपासून कळत होतं. मी नियमाप्रमाणे ठिकठिकाणचे नमुने घेतले, चार भाग केले, रिपोर्ट लिहिला : नापास. माणिकशेठला नेऊन दिला. ते म्हणाले, "आता काय उपयोग, साहेब? चिंचघाट संपला म्हणून तर लोक धर्माबादकडनं आणायलेत."

पुढच्या उन्हाळ्यात बिलोलीच्या बसस्टँडवर चाचा दिसले. हातगाड्यावर खरबुजं. मी आनंदाने जवळ गेलो. ती बाहेरून आलेली, दुसऱ्याची होती. एका बाईने फळ उचललं. चाचांनी ते टिचकी मारून पाहिलं आणि म्हणाले, "ताई, हे ठेवा. देठ कापून आणलंय, सुटलेलं न्हाई. आतून पांढरं निघंल."

"मग चांगलं कोणतं?"

"ह्यात?" त्यांनी गाड्यावरून नजर फिरवली. "ह्यात एक बी न्हाई."

बाई हसून निघून गेली. मी म्हणालो, "चाचा, असं धंद्याला कसं चालेल?"

"तूच म्हणला होतास ना, पद्धतीनं तपासल्याशिवाय पास करायचं न्हाई," असं म्हणून ते इतके मोकळे हसले की मला त्यात टोमणा शोधूनही सापडला नाही. असता तर बरं झालं असतं.

त्यानंतर मी दगड दळून केलेल्या वाळूच्या मागे लागलो. गवंडी म्हणायचे, "साहेब, ही थापीला चावती." मी मिश्रणं बदलून, ठोकळे फोडून दाखवून, स्लॅबवर उभं राहून ती वापरायला लावली. आज लातुरात बहुतेक काम तिच्यावरच होतं. आता टेकड्या कमी होताहेत, हेही मला दिसतं. सोर्सच्या रकान्यात मी पुढे कुठल्याही घाटाचं नाव लिहिलं नाही.

यंदा मी लॅब बंद केली. प्रत्येक नमुन्याचा अर्धा भाग पिशवीत राखून ठेवायचा असतो. वाद झाला तर पुन्हा तपासता यावा म्हणून. मुदत संपली की तो टाकून देतात. मीही टाकत आलो. पण रॅकच्या मागे, सुरुवातीच्या वर्षांतल्या चिंचघाटच्या पिशव्या मी कधीच टाकल्या नव्हत्या, हे शटर ओढायच्या आठवड्यात लक्षात आलं. सगळ्या मिळून तीन पोती भरली. मग मी हे पत्र लिहिलं. चाचा आता धर्माबादला मुलीकडे, शबानाकडे असतात. पत्र तिच्या पत्त्यावर पाठवलं.

*

प्रिय इमामचाचांना,

सलाम.

शबाना, हे चाचांना सावकाश, कानाशी वाचून दाखव. मध्येच ते 'कळलं, पुढं वाच' म्हणतील, तरी एकही ओळ गाळू नको.

चाचा, तुम्ही मे महिन्यात पुरचुंडी घेऊन आला होता. मी पावसानंतर येतो म्हणालो. मी तेव्हाच यायला हवं होतं. पद्धतीचं कारण खरं होतं, पण मला कामं सोडायची नव्हती, हेही खरं होतं. ते तुम्हाला तेव्हाही कळलं असणार. तुम्ही कधी बोलला नाहीत म्हणून मीही इतकी वर्षं बोललो नाही. आज बोलतो. चिंचघाटाचं नाव मी कागदावर लिहिलं नसतं, तर तुमची वाडी एवढ्यात गेली नसती.

लॅब बंद केली. त्यात आपल्या घाटाची जुनी वाळू निघाली, तीन पोती. मी ती पुन्हा तपासली. नळीत गाळ जवळजवळ बसलाच नाही. मूठ दाबून सोडली, फुटली. कानाशी चोळली, अजून बोलते. पोत्यांवर चिठ्ठ्या लावल्या आहेत. सोर्सच्या रकान्यात या वेळी घाटाचं नाव लिहिलेलं नाही, तुमचं लिहिलं आहे.

ही वाळू नदीत ओतून काही होणार नाही, हे मला कळतं. पण शबानाच्या अंगणात एक आळं करता येईल. खोली किती, खत किती, ते तुम्ही खाटेवरून सांगा. खणायला मी आहे. वारा कुठल्या बाजूने येतो तेवढं शबानाला बघून ठेवायला सांगा.

राखेच्या डब्यात बी अजून असेल, तर कळवा. मी वाळू घेऊन येतो. या वेळी पावसाची वाट बघणार नाही.

तुमचा,
देठाला असलेला